अडलेली शिंक

उद्धवरावांच्या वाचनालयात पुस्तक मागून मिळत नसे, ते गळ्यात पडत असे. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या दोन खोल्या, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि पाटीखाली बसून खदाखदा हसणारे खुद्द ग्रंथपाल! कोणी पोथी मागितली तर म्हणणार, "ते म्हातारपणी वाचा हो. आत्ता हे घ्या." आणि हातात कोंबणार भुताराक्षसांची एखादी विनोदी कादंबरी. दातांच्या डॉक्टरकडे गेलेली हडळ, रेड्याचा नाल निखळला म्हणून पायी निघालेला यम, असली सगळी वात्रट मंडळी त्यांच्या कपाटात नांदत होती.

शालू पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा आतली कुजबुज एकाएकी थांबली. वलगावची पोर, मास्तरणीच्या ट्रेनिंगला शहरात आलेली. घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतलेला, आणि आत बसलेल्या दोघातिघांना ते तिच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळलं म्हणे! उद्धवरावांनी मान वर न करता विचारलं, "हसता येते का तुले?"

"येते ना," ती म्हणाली.

"मंग ये आत. ज्याले हसता येत नाई, त्यानं बाहेर जावं."

तिचं हसणंही न्यारं होतं. आधी बारीक खुसखुस, मग श्वास आत ओढून एक थांबा, आणि मग जे सुटायचं ते आवरता आवरत नसे. थोड्याच दिवसांत तीच दुसऱ्यांना पुस्तकं गळ्यात घालू लागली. बापूसाहेब वकील म्हणजे एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्यांच्यापुढे तिनं हडळीची कादंबरी आपटली. "वाचून पाहा वकीलसाहेब. नाई हसले तर माह्यं नाव बदला." बापूसाहेब असे हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. उद्धवरावांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे हे कपाट सांभाळणारी सापडली, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

आणि मग तिनं खाट धरली. छातीचं दुखणं. भाऊ देवमन अकोल्याला सरकारी कचेरीत होता, तो तिला आणि मायला तिकडे घेऊन गेला. कामासाठी अमरावतीला आला की तो तिच्यासाठी पुस्तक नेई.

उद्धवरावांनी त्याच्या हाती आपली सर्वांत लाडकी कादंबरी दिली, 'राक्षसाला पडसं झालं'. दोन भागांची. राक्षस शिंकला की गावाची छपरं उडतात. पहिल्या भागाच्या शेवटी सारं गाव छपरावर धोंडे ठेवून जीव मुठीत धरून बसलेलं, राक्षस नाक वर करतो, "आ... आ..." आणि भाग समाप्त! 'छीं' दुसऱ्या भागात.

उद्धवरावांनी पहिलाच भाग दिला. म्हणाले, "दुसरा इथं येऊन घेऊन जा म्हणा तिले. गोष्ट अर्धी टाकून माणूस कुठं जात नसते." हे त्यांनी हसत सांगितलं, पण ते त्यांना मनातून खरं वाटत होतं. पुढच्या खेपेला देवमनने निरोप आणला, "काकाजी, शिंक अडकली म्हणते. दुसरा भाग धाडा." उद्धवराव पोट धरून हसले आणि पुन्हा नाही म्हणाले. वर दुसरा भाग कपाटात पार मागे सारून ठेवला, न जाणो, आपलंच मन विरघळायचं.

त्यानंतर देवमन आला तो पहिला भाग हातात घेऊन. उद्धवराव शिडीवर चढून पुस्तकं झटकत होते.

"काय देवमनराव! वाचली का?"

"नाई वाचली."

"नाई? मंग परत काहून आणली? अशी कशी आळशी झाली ही पोरगी? तिले म्हणा, काकाजी रागावून राहिले. म्हणा, राक्षस तिकडे नाक वर करून बसला, अन् तू..."

उद्धवरावांनी वळून पाहिलं. देवमन पुस्तक छातीशी धरून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं.

"काकाजी," तो म्हणाला, "कादंबरी वाचली तिनं. शालू नाई वाचली."

उद्धवराव शिडीच्या पायरीवरच बसले. अरे देवा! आपल्या भाषेत जगण्याला आणि पुस्तक वाचण्याला एकच शब्द का असावा? तो ज्यानं केला त्याचं तळपट होवो, असं त्यांना वाटलं.

देवमन खालमानेनं बोलला. "मायले वाचता येत नाई. शालू तिले राक्षस करून दाखवे. नाक वर करून, आ... आ... माय विचारे, मंग? शालू म्हणे, मंग काय, दुसरा भाग. आमी आता पिंड घालत नाई, कावळ्याची वाट पाहात नाई. भूतखेत मानत नाई आमी, काकाजी. पण दुपारच्या पारी त्या खाटेकडून तोच आवाज येते. आ... आ... अन् थांबते. मायले वाटलं असंन म्हणून मी सोडून दिलं. मंग मीबी ऐकला."

दुसऱ्याच दिवशी उद्धवरावांनी देवमनबरोबर बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. पिशवीत दुसरा भाग. जन्मभर भुतांना हसलेला माणूस, पण गाडीभर ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कवेलूंच्या छपराचं घर, ऐन दुपार. बुद्धाच्या तसबिरीपुढे विझलेली मेणबत्ती. माय, भागीरथा, उंबऱ्याशी बसलेली. खाटेवरची गोधडी तिनं अजून उचलली नव्हती. उद्धवराव खाटेजवळ बसले. पुस्तक उघडलं. आणि तेवढ्यात, कोणी कानाशी तोंड आणावं इतक्या जवळून, "आ... आ..."

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवमनचा चेहरा पांढरा पडला. भागीरथा मात्र हललीसुद्धा नाही. रोजचंच होतं तिला.

उद्धवरावांनी दोन्ही हातांनी पुस्तक धरलं आणि पहिली ओळ वाचली, "छीं!"

आवाज चिरकला. पण वर छपरावर कवेलू खडखडलं, एक घसरून अंगणात पडून फुटलं. वारा तर पान हलण्याएवढाही नव्हता. मग खुसखुस ऐकू आली, मग श्वास आत ओढल्याचा तो थांबा, आणि मग हसू सुटलं. उद्धवराव दचकून वळले. भागीरथा हसत होती. शालूचं हसणं हिच्याकडून आलेलं होतं तर! हसता हसता ती रडू लागली, आणि उद्धवराव न थांबता वाचत राहिले, छपरं परत बसेपर्यंत, राक्षसाचं नाक बरं होईपर्यंत, शेवटच्या पानापर्यंत. खाटेकडून पुन्हा आवाज आला नाही.

पुस्तक मिटल्यावर भागीरथानं पदरानं तोंड पुसलं. ती पुस्तकाकडे पाहात नव्हती, खाटेकडे पाहात होती.

"वाचली का, भाऊ?" तिनं विचारलं.

"वाचली, माय," उद्धवराव म्हणाले. "पुरी वाचली."