लंगडी शेळी

मरणाघरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारच्या घरून भाकरी येते. पण मागाचं काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

हन्ना गेली तेव्हा मधल्या खोलीत तिचा उभा माग ताणलेलाच होता. अर्ध्याहून जास्त घोंगडी विणून खालच्या तुळईला गुंडाळलेली, वर नुसता पांढरा ताणा, पावसाच्या धारा वाटेत थांबाव्यात तसा. घोंगडी नातीच्या, तुदाच्या लग्नाची. या डोंगरात नवरी सासरी निघते ती आजीच्या हातची पांढरी घोंगडी खांद्यावर घेऊन. "विणू दोघी, पण कापायची मीच," हन्नानं सुनेला बजावलं होतं. मग मेंढ्या कातरायचे दिवस आले. मेंढ्या हलक्या होऊन माळावर गेल्या, आणि एका दुपारी हन्नाही तशीच हलकी होऊन निघून गेली.

यामना ही तिची सून. नांदायला आली तेव्हापासून मागाची डावी बाजू तिची, उजवी सासूची. उजवीकडचं मेंढीचं कातडं अजून तसंच अंथरलेलं होतं. बसून बसून मधले केस झडून तिथं गुळगुळीत चकती झाली होती. यामना डावीकडे येऊन बसे, लोखंडी फणी हातात घेई आणि परत ठेवून देई.

हन्ना म्हणजे आजी. सगळं गावच तिला हन्ना म्हणे. खरं नाव तलैतमास, म्हणजे भाऊ असलेली. तिच्या बापाला मुलीच होत होत्या. ही झाली तेव्हा त्यानं नावातच देवाकडे मागणं घातलं, आणि देवानंही ते ऐकून एकामागून एक पाच भाऊ पाठवले. वय तिचं कुणाला ठाऊक नव्हतं. बर्फात मेंढ्या गाडल्या गेल्या त्या साली मी झाले, असं ती सांगे. पण तसली सालं दोन होऊन गेली होती. मान हवा असला की ती आधीच्या बर्फातली, आणि लग्नात नाचायचं असलं की नंतरच्या. दुष्काळात तिनं रानातली कडू कंदमुळं सात पाण्यांतून उकळून सासरचं अख्खं खटलं जगवलं. तंबू हलला की मागाच्या तुळया खेचरावर आणि पाठीशी पोर बांधून ती खिंड चढे. भाऊ कळपांमागे पांगले, एकेक करून मातीआड झाले, आणि सगळ्यांना पुरून उरली ती ही बहीण. फणी ठोकताना तिच्या तोंडी असे:

पाच भावांची मी बहीण, पाच डोंगरांच्या आड
ताण्यालाही माझ्या, बाई, त्यांच्या वाटेची गं ओढ

मागात जीव असतो, हे इथं लहान पोरही जाणतं. ताणा भरला की तो घरात येतो. कापायच्या दिवशी ताण्यावर पाणी शिंपडायचं, मरणाऱ्याच्या कानाशी म्हणतात तसा कलमा म्हणायचा, आणि मग सुरी लावायची. पुरुषानं ते बघायचं नसतं. "बाप्यांना मारता येतं," हन्ना म्हणे, "मरणाऱ्याच्या उशाशी बसता येत नाही."

चाळिसाव्याला शहरातून इज्जा आली, हन्नाची थोरली लेक. यामना तिला मानानं लल्ला म्हणे, म्हणजे ताई. जेवणं उरकली, कुराण वाचणारे गेले, तशी ती मागापाशी येऊन उभी राहिली. आईच्या बाजूवरून हात फिरवत वर वर आली आणि तिचा हात थबकला.

शेवटच्या वीतभरात काहीतरी बिनसलं होतं. काठानं लाल चौकोनी डोळे विणलेले. यामनाच्या बाजूचे नीट मिटलेले, टोकाला टोक लागलेलं. हन्नाच्या बाजूच्या शेवटच्या डोळ्याची वरची रेघ मात्र खालच्या रेघेला भेटलीच नव्हती. ती तिरकी होऊन काठाकडे निघून गेली होती.

यामनाला ते ठाऊक होतं. हिवाळ्यापासून हन्ना लाल लोकर नाकाशी नेऊन ओळखत होती. खिडकीपाशी बसूनही म्हणे, आज आभाळ भरलंय वाटतं. यामना म्हणे, हो, भरलंय. बाहेर लख्ख ऊन असे.

"एवढं उसवून टाक," इज्जा म्हणाली. "वीतभर तर आहे. उद्या बसू दोघी."

यामनानं तो डोळा तळहातानं झाकला.

"लोक काय म्हणतील? तलैतमासच्या हातचं, आणि हे? अगं, माझ्या आईनं अख्ख्या दरीला विणायला शिकवलं. ती तिच्या माहेरची नक्षी, लंगडी शेळी, आज कुठल्या नवरीच्या घोंगडीवर नाही? माझ्या लेकीच्याच घोंगडीवर दोन आहेत."

दारात तुदा उभी होती. तिनं आईकडे बघत हळूच सांगितलं की सासरच्या बायका काठ उलटून बघतात. चुलतसासूनं मागच्या सुनेला वर्षभर ऐकवलं होतं म्हणे. "हन्नाला कुणी हसलेलं मला चालणार नाही, इम्मा."

उसवलं तर हन्नाचे शेवटचे दिवस हातानं पुसल्यासारखे. ठेवलं तर परक्या दरीतल्या बायका त्यांच्यावर बोट ठेवणार. यामना रात्रभर कूस बदलत राहिली, आणि लंगडी शेळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

कारण ती शेळी कुणाच्याच माहेरची नव्हती.

नांदायला आल्यावरच्या पहिल्याच थंडीतली गोष्ट. सासूनं तिचे हात उलटेपालटे करून बघितले होते आणि ती म्हणाली होती, "लोणी काढायला बरे आहेत." तरी मागावर शेजारी बसवलं. सगळी बोटं थंडीनं वाकडी, मन आईकडे. नागमोडी पट्टीतला एक पाय तिच्या हातून आखूड पडला, आणि वर चार बोटं विणून झाल्यावर तिला तो दिसला. आता हाणते टोमणा, म्हणून ती मान खाली घालून बसली. सासूनं बघितलं. गाणं मोडलं नाही. ती जरा वर गेली आणि तिनं आपल्या बाजूला तसाच एक पाय आखूड पाडला. मग परत यामनाच्या बाजूला बोट दाखवलं: आता इथं पाड. एकदा डावा, एकदा उजवा. शेजारची राब्हा डोकावली. ही कुठली गं नक्षी?

"लंगडी शेळी," हन्ना म्हणाली. "आमच्या माहेरची. तुम्हांला नाही येत?"

वर्षाच्या आत ती राब्हाच्या मागावर चढली, आणि तिथून दरी उतरून गेली. दोघींनी त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. फक्त कुणाच्या अंगावर ती शेळी दिसली की हन्ना यामनाच्या मांडीला चिमटा काढे.

सकाळी इज्जा कात्री घेऊन आली तेव्हा यामना मागावर बसलेली होती. डावीकडे नव्हे, दोन्हींच्या मधोमध. काठावरचा हन्नाच्या बाजूचा डोळा तसाच होता. त्याच्या दोन बोटं वर, डाव्या बाजूला, यामनाचा डोळा उघडा पडला होता. रेघ तशीच तिरकी होऊन काठाकडे निघालेली.

"हे काय केलंस?"

"नक्षी आहे, लल्ला. उघडा डोळा." यामनानं फणी ठोकली. "हन्नाच्या माहेरची."

इज्जाचं आजोळ ते. तिथल्या मावश्या, मामा, मामेबहिणी, सगळ्यांचे माग तिनं बघितलेले. असला डोळा तिकडे कुठंच नव्हता. तिनं त्या दोन उघड्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू,

"आणि लंगडी शेळी?"

"तीही तिकडचीच."

इज्जाच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं का रडू, ते तिलाही कळलं नसेल. तिनं कात्री कोनाड्यात ठेवली, बाह्या सरसावल्या आणि उजवीकडच्या कातड्यावर बसली, त्या गुळगुळीत चकतीवर. "सरक डावीकडे," ती म्हणाली. "तुझी जागा सोडून कुठं बसलीस? आणि पुढचा उघडा डोळा माझ्या बाजूला येतो ना? सांग, रेघ कुठून सोडू."

शेतातली कापणी संपता संपता घोंगडी पुरी झाली. ती कापायच्या दिवशी यामनाचा नवरा हद्दू उगाच दारात घुटमळत होता. पोरीची घोंगडी आहे, एकदा बघतो, म्हणाला. राब्हानं त्याला मेंढ्यांकडे पिटाळलं. आईनं उभ्या जन्मात जे दाखवलं नाही, ते आता बघतोस होय?

तुदानं तांब्या आणला. इज्जानं ओली बोटं ताण्यावरून ओढली. थेंब धाग्यांवरून खाली घरंगळले आणि उघड्या डोळ्यांच्या कडेला येऊन थांबले. राब्हानं वाकून काठ न्याहाळला.

"ही कुठली गं?"

यामनानं सुरी उचलली. मांडीला चिमटा बसला, उजवीकडून.

"हन्नाच्या माहेरची," इज्जा म्हणाली. "तुला नाही येत?"

मग यामनानं कलमा म्हणायला सुरुवात केली.