चार किलो गेले कुठे?

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल कार्यक्रमाच्या बराच आधी भरला. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. समोरच्या चौथऱ्यावर गोल तबकडीचा वजनकाटा, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले हलके गुरुजी. हे नाव लोकांनी दिलेलं, आणि गुरुजींनी ते मोठ्या मनानं पत्करलेलं.

एक धिप्पाड कंत्राटदार काट्यावर चढला. शिष्यानं आकडा मोठ्यानं वाचला, एकशे चार. कंत्राटदार उतरला. शिष्यानं जांभळ्या रेशमी कापडानं काटा पुसून ‘शुद्ध’ केला, आणि गुरुजींनी कंत्राटदाराच्या डोक्यावर हात ठेवला.

“वजन हाडामांसात नसतं,” गुरुजी म्हणाले. “आत्म्याला मेद नाही. मेद असतो तो संशयाला. संशय उतरवा, काटा आपोआप उतरेल.”

कंत्राटदार पुन्हा चढला. शंभर. हॉल टाळ्यांनी दणाणला. मघाशी जो दम खात जिना चढला होता तोच देह, तेच पोट, पण चार किलो हवेत विरले होते.

मागच्या रांगेत एका औषधाच्या दुकानातली फार्मासिस्ट बसली होती, शेजारी तिची थोरली नणंद, आधीही एकदा येऊन गेलेली. फार्मासिस्टला एका जागी बसवत नव्हतं. तिनं दोनदा खुर्ची बदलली, अंगातला टॉप सारखा पोटावरून खाली ओढला, दाराकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी तिनं चांगलं पंधरा किलो वजन उतरवलं होतं. रोजचं चालणं आणि वेळेवर जेवण, जादू काही नव्हती. तेव्हा गिऱ्हाइकं औषधं बाजूला ठेवून विचारत, “मॅडम, काय केलंत हो?” मग तिच्या आईचं ऑपरेशन झालं. दुकान ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते दुकान, अशा खेपा सुरू झाल्या. चालणं सुटलं. जेवण म्हणजे हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्याउभ्या खाल्लेली बिस्किटं. आई बरी होऊन घरी आली, तोवर गेलेलं बहुतेक वजन परतलं होतं. आता गिऱ्हाइकं काही विचारत नसत, नुसती बघत. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र निरागसपणे विचारलं, “तुम्ही त्या आधीच्या मॅडमच्या बहीण का?” तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन खोक्यांच्या गर्दीत बराच वेळ उभी राहिली.

म्हणूनच विज्ञान शिकलेली ही बाई नणंदेच्या एका शब्दावर इथं आली होती.

तिचा नंबर लागला. आधी एकोणऐंशी. मग कापड, मग डोक्यावर हात, मग पंचाहत्तर. आणि खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. निघताना शिष्यानं नियम सांगितले. दुसऱ्या काट्यावर वजन करायचं नाही. रसायनं, म्हणजे गोळ्या, घ्यायच्या नाहीत. आणि वजन परत आलं तर समजायचं, तुमचा विश्वास कच्चा.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं पांढरा कोट चढवला. मधलं बटण काल लागत नव्हतं, ते आजही लागेना. चार किलो गेले म्हणजे काहीतरी गेलं असणार. पाणी, चरबी, काहीतरी. ते कुठून गेलं? दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाईंना तिनं दुसऱ्याच बाईंची औषधं दिली आणि मागे धावत जाऊन परत आणली. शेवटी ती दाराजवळच्या काट्यावर चढली. एकोणऐंशी.

तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी शंका घेतली म्हणूनच परत आलं. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. कमी झालं तर श्रेय गुरुजींचं, वाढलं तर दोष माझा. हा माणूस कुठल्याच बाजूनं हरत नाही.

त्या संध्याकाळी नणंद जेवणाच्या टेबलाशीच घेरी येऊन बसली. सारखी तहान लागत होती, डोळ्यांपुढे धूसर येत होतं. साखर मोजली तर भलतीच चढलेली.

“ताई, मधुमेहाच्या गोळ्या?”

“पहिल्या सभेपासूनच बंद केल्यात. माझे तीन किलो गेलेत, आता मला कशाला हव्यात?”

“ताई, ते खोटं आहे. माझं वजन तसंच आहे.”

“तू संशयी, म्हणून तुझं परत आलं,” नणंद तोंड फिरवून म्हणाली. “मला त्यात ओढू नकोस, वहिनी.”

फार्मासिस्टच्या नवऱ्यानं बहिणीला समजावलं, पोरांनी समजावलं, डॉक्टरांनी फोनवर झापलं. एक गोळी कशीबशी गेली, पण दुसऱ्या दिवशीचा भरवसा नव्हता. फार्मासिस्ट खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. मग तिनं माळ्यावरचा जुना गोल काटा काढला, उलटा केला, आणि बराच वेळ त्याच्याशी खुडबुड करत बसली.

पुढच्या सभेला ती दहा किलोची सीलबंद पिठाची पिशवी घेऊन गेली. नणंदेला म्हणाली, “तुम्ही फक्त बघा. नाही पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही.”

कंत्राटदार परत आला होता. घरी वजन भरलं ते एकशे चारच, म्हणून विश्वास पक्का करायला. तो चढला, उतरला, काटा पुसला गेला, हात ठेवला गेला, आणि पुन्हा शंभर भरले. टाळ्या थांबायच्या आत फार्मासिस्ट पिशवी उचलून चौथऱ्यावर गेली.

“गुरुजी, या पिठालाही आशीर्वाद द्या.”

गुरुजी हसले. “बाई, पिठाला आत्मा नसतो.”

“मग संशयही नसेल.”

“अर्थातच नाही.”

“म्हणजे याचं वजन बदलणार नाही,” ती म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत तिनं पिशवी काट्यावर ठेवली. कंत्राटदारानं वाकून आकडा पाहिला, मग पिशवीवरचा छापील आकडा पाहिला.

“सहा,” तो म्हणाला. “पिशवीवर दहा लिहिलंय.”

तिनं पिशवी उचलली. रिकाम्या वजनकाट्याची सुई शून्याच्या चार घरं मागे उभी होती. शिष्य कापड घेऊन धावला, पण तिनं काटाच उचलून लोकांकडे वळवला.

“कडेखाली हे चाक असतं. सुई शून्यावर आणायला सगळ्याच अशा काट्यांना असतं. पुसताना कापडाखाली अंगठ्यानं ते फिरवायचं, आणि माणूस वर चढेपर्यंत कापड तबकडीवरच ठेवायचं. म्हणजे मागे गेलेली सुई कुणाला दिसत नाही.” तिनं चाक फिरवलं, पिशवी पुन्हा ठेवली. दहा. “तुमचंही करून बघा.”

गुरुजी म्हणाले, वातावरण दूषित झालं आहे, आणि मागच्या दारानं निघून गेले. शिष्यही गेला. काटा मात्र तिथंच राहिला. काही लोक चिडले, आणि तेही तिच्यावरच. पुढच्या रांगेतली एक बाई हळू आवाजात म्हणाली, “आम्हाला जरा बरं वाटत होतं. ते तरी कशाला घेतलंत?”

“मलाही बरं वाटलं होतं,” फार्मासिस्ट म्हणाली. “माझं उतरलेलं वजन परत आलं, त्याची मला इतकी लाज वाटत होती की मी कुणावरही विश्वास ठेवला असता. पण वजन परत येणं हे पाप नाही. ते श्रद्धा कमी पडल्यामुळे होत नाही. चालणं सुटतं, झोप मोडते, कधी दुखणं असतं, कधी औषधाचा परिणाम. कारण असतं आणि ते शोधता येतं. डॉक्टरांना विचारा. काट्याला विचारा, पण त्याचं शून्य आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून. आणि कुणाच्याही सांगण्यावरून चालू गोळ्या बंद करू नका. माझ्या घरात परवा थोडक्यात निभावलं.”

घरी पोचल्यावर नणंदेनं पाणी मागितलं आणि गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या, आणि त्या आठवड्यात फार्मासिस्टनं पुन्हा चालायला सुरुवात केली. पहिल्याच चढावर धाप लागली. पूर्वी ती हा चढ फोनवर बोलत चढायची. तिला रडू आलं, पण ती थांबून पुन्हा चालू लागली. नणंद मागून कुरकुरत येत होती.

“वहिनी, एवढं करून उतरवलं आणि परत वाढलं तर?”

“तर परत चालू, ताई.”