मरीआईचा कोंबडा

आमच्या मिलिंद भावोजींना एकदा बोलायला उभं केलं की खाली बसवणं देवालाही जमत नाही. लंडनमधल्या वेम्बलीच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक आजारी पडले, आणि उपदेश काय, प्रभुभोजन काय, सगळं या माझ्या धाकट्या दिराच्या हातात आलं. हातात कसलं, मुठीत!

त्या रविवारी माझ्या वैभवीचा निरोप होता. दुसऱ्या दिवशी ती ग्लासगोला निघणार होती, युनिव्हर्सिटीत ग्रीक तत्त्वज्ञान शिकायला. आमच्यात पोर परगावी निघालं की घरातला वडीलधारा पुरुष मंडळीसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. तिचे पप्पा गेलेले, म्हणजे हात भावोजींचाच. पोरीला तेवढाच हवा होता. "मम्मी, काका करतील ना गं?" सकाळपासून तेच चाललं होतं.

आणि या माणसाने काय करावं? उपदेशात तिलाच झोडपायला घेतलं! नाव नाही घेतलं, पण नजर तिच्यावरच.

"आपल्या पहिल्या धर्मपित्यांनी या ग्रीकांना तेव्हाच उघडं पाडलं. एक म्हणतो जग पाण्यातून झालं, दुसरा म्हणतो आगीतून. यांचं आपसात पटत नाही, आणि म्हणे शहाणे! असल्यांच्या पायाशी आपली पोरं बसणार?"

जळलं मेलं ते लक्षण! हे सगळं यांना सांगितलं कुणी? माझ्याच पोरीने, माझ्याच घरी, हे माझंच मटण ओरपत असताना. पहिले ख्रिस्ती लोक ग्रीकांवर का तुटून पडले, हाच तर तिचा अभ्यास होता. त्यांतला एक धर्मपिता बाप्तिस्म्यानंतरही तत्त्वज्ञाचाच झगा घालून हिंडायचा, हेही तिने सांगितलं होतं. ते मात्र साहेब विसरले.

"आणि त्यांचा तो सगळ्यात मोठा गुरू!" भावोजींना आता चेव आला. "एवढं ज्ञान सांगितलं, विषाचा पेला प्याला, आणि मरताना शेवटचं काय बोलला? बरं करणाऱ्या देवाला आपला कोंबडा द्यायचा राहिलाय! कोंबडा!"

सगळा हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्या सासूबाईही हसल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बोलणंही मोठ्याने.

"अरे मिलिंदा, तुझ्यासाठी मीपण दिलेला की! लहानपणी तुला पटकी झाली, तेव्हा मरीआईला. प्रार्थना चालूच होती, पण तू डोळे फिरवलेस. मग काय करते मी?"

भावोजींचा चेहरा पांढराफटक. त्यांनी उपदेश तिथेच सोडला, प्रभुभोजनाचं भाकरीचं ताट उचललं आणि वाटायला सुरुवात केली. वैभवीला दिलं, मला दिलं. सासूबाईंनी ओंजळ पुढे केली, तर ताट त्यांना ओलांडून शेजारणीकडे गेलं.

"मिलिंदा, माझं राहिलं रे."

"मूर्तीला ज्यांनी वाहिलं, त्यांना प्रभूच्या मेजावर जागा नाही," ते आईकडे न बघता म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, त्या माउलीने तुम्हाला मरणाच्या दारातून ओढून आणलं, आणि तिच्या ओंजळीत तुकडा टाकायला तुमचा हात झडतो काय?"

"वहिनी, मध्ये पडू नका!"

तेवढ्यात वैभवी उठली. आपला तुकडा मोडून तिने अर्धा आजीच्या ओंजळीत ठेवला.

"वैभवी, हे चालणार नाही! मग माझ्या हातून निरोपाची प्रार्थना विसर."

"विसरले, काका," ती म्हणाली.

सासूबाईंनी तुकडा खाल्ला. नातीला खाली वाकवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाईने असा हात ठेवायची आमच्यात पद्धत नाही, पण मंडळीने प्रार्थनेला माना झुकवल्या.

"बापा, माझ्या नातीला सांभाळ. पोटभर शिकू दे तिला."

भावोजी कोट चढवून दाराकडे निघाले होते. सासूबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"आणि बापा, माझ्या मिलिंदाला बरं कर. या वेळेला माझ्याकडे कोंबडासुद्धा नाही."