डेल्मरचं मीटर

"जास्त हवा भरलीस. दर वर्षीचं आहे तुझं," डेल्मर काउंटरजवळच्या स्टुलावरून म्हणाला.

"टायर अजून रिमवर चढायचाय," लव्होन म्हणाली. "हवा कुठे भरू, तुझ्या डोक्यात? गप कॉफी पी."

नेब्रास्कातल्या त्या गावात टायरचं दुकान एकच होतं, आणि तिथे टायर बसवणारी लव्होन ह्रूबीही एकच. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं याच फरशीवर गुडघे टेकून गेलेली. नवं गिऱ्हाईक अजूनही दारातून डोकावून विचारायचं, आत कोणी माणूस आहे का. हात पुसत ती म्हणायची, "मग मी काय गाय दिसते?" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, आणि तरीही तिने आवळलेले नट जाताना एकदा स्वतः तपासून बघायचं.

डेल्मर कूचेराचे टायर बसवणं हे मात्र गुडघ्यांची परीक्षा बघणारं काम होतं. गाडी दोन आसनांची, लाल, शर्यतीच्या हौसेची. रिम कंपनीची, सात इंच रुंद. तिच्यावर डेल्मरला साडेनऊ इंच रुंदीचा टायर हवा असायचा. मोठ्या उशीला लहान अभ्रा चढवावा तसला प्रकार. काठांना साबण लावायचा, जोराच्या हवेचा झोत सोडायचा आणि काठ फाटकन् रिमवर बसेपर्यंत तोंड बाजूला धरायचं. ही कला आसपासच्या तीन काउंटींत फक्त लव्होनच्या हातात होती, आणि ती तिला आपल्या प्रतिस्पर्ध्यासाठीच वापरावी लागायची.

कारण तिच्याकडेही तशीच गाडी होती, निळी. महिन्यातून एका रविवारी जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर रबरी शंकू मांडले जायचे. एकेक गाडी एकटीच घड्याळाशी झुंजायची, शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. त्यांच्या गटाचा नियम सोपा होता. रिम कंपनीचीच हवी, टायर मावेल तेवढा रुंद चालेल. लव्होन कंपनीच्याच मापाचे टायर वापरायची. रुंद टायर वळणावर आळशी होतो, असं तिचं ठाम मत. डेल्मरचं मत नेमकं उलटं. बावीस वर्षं हा वाद चालला होता आणि बावीस वर्षं डेल्मर तिच्यामागे अर्ध्याएक सेकंदाने येत होता. दुकानाच्या दर्शनी कपाटातले सगळे कप तिचे.

"लव्होन," तो म्हणाला, "रविवारी माझी गाडी तू चालव."

तिने मान वर केली. ऑगस्टमध्ये डेल्मरचं लायसन्स गेलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग, जग फक्त कडेकडेने दिसायचं. गाडी विकायला निघाला असेल, असंच तिला वाटलं होतं, म्हणून नव्या टायरचं तिला नवलच वाटत होतं.

"आधी तुझी चालव, मग माझी. एकच दिवस, एकच रस्ता, एकच माणूस. मी टायरमुळे हरलो की माझ्यामुळे, ते तरी कळेल."

"कळून काय करणार? तुझ्या गाडीत मी वेगाने गेले तर टायर बरोबर आणि तू मंद. हळू गेले तर तू बरा, पण बावीस वर्षांचं टायरपुराण फुकट. दोन्हीकडून मारच खाशील."

"उलटं आहे," डेल्मर म्हणाला. त्याने यावर बराच विचार केलेला दिसत होता. "दोन्हीपैकी एक काहीतरी माझं राहील. आज यातलं एकही माझ्याकडे नाही."

लव्होन खाली बघून साबण लावू लागली. तिसरंही एक उत्तर होतं आणि ते फक्त तिला माहीत होतं.

डेल्मरची हयात गावाच्या धान्यकोठारात, वजनकाट्यावर गेली. मक्याने भरलेले ट्रक तोलायचे आणि आकडा सांगायचा. त्याच्या आकड्यावर कधी कोणा शेतकऱ्याने भुवई उंचावली नाही. तो शर्यतीला लागला त्या वर्षी कोठारातल्या सोबत्यांनी त्याला टायरची हवा मोजायचं पितळी मीटर भेट दिलं, पाठीवर नाव कोरून. ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायचं. शर्यतीच्या मैदानावर कोणी दुसऱ्याचं मीटर वापरत नाही, जसा कोणी दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरत नाही. "तुझे टायर वळणावर दुमडतात, हवा वाढव," असं कोणी म्हटलं की डेल्मर मीटर लावून दाखवायचा. अडतीस पौंड. आणखी किती हवी?

अकरा वर्षांपूर्वी, गारांनी गावातली छपरं फोडली त्या वर्षी, ते मीटर लव्होनच्या काउंटरवर विसरलं गेलं. तिने सहज, निव्वळ कुतूहलाने, एका टायरला आधी दुकानाचं मीटर लावलं आणि मग ते. डेल्मरचं मीटर सात पौंड जास्त दाखवत होतं. म्हणजे तो अडतीस म्हणायचा तेव्हा टायरमध्ये एकतीसच असायचे. त्याच्या जुन्या टायरांचे खांदे, म्हणजे नक्षीच्या कडा, असे गुळगुळीत का होतात, हे तिला त्या क्षणी कळलं. ती बरोबर हवा भरून द्यायची आणि तो दारातच "फुग्यासारखे फुगवलेस" म्हणत ती सोडून द्यायचा, हेही कळलं.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शर्यत. सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. रविवारी ती तीन दशांश सेकंदाने जिंकली. सोमवार आला आणि गेला. त्यानंतर अकरा वर्षांचे सोमवार गेले.

रविवारी वारा होता. कापणी झालेल्या शेतांवरून मक्याचा भुसा उडत मैदानावर येत होता. लव्होनने निळ्या गाडीने तीन फेऱ्या मारल्या. उत्तम वेळ एक्कावन्न पूर्णांक नऊ. मग ती डेल्मरच्या गाडीशी आली. तो घडीच्या खुर्चीवर बसला होता, मांडीवर कोबी-खिम्याचा अर्धा खाल्लेला पाव. त्याने खिशातून मीटर काढून पुढे केलं.

"मला काटा दिसत नाही. अडतीस ठेव."

ती गुडघ्यांवर बसली. आधी स्वतःच्या मीटरने चारही चाकांत अडतीस केले. मग त्याचं मीटर लावलं. काटा पंचेचाळीसवर. आता सात पौंड सोडून दिले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. टायर दुमडले असते, वेळ वाईट आली असती आणि डेल्मर 'मी तरी बरा होतो' म्हणत घरी गेला असता. अर्धं सत्य, पण गोड. तिचं कपाटही शाबूत राहिलं असतं. व्हॉल्व्हवरचा तिचा अंगठा तसाच थांबला.

"किती?" डेल्मरने विचारलं.

"अडतीस," ती म्हणाली, आणि व्हॉल्व्हवर टोपी लावली.

पहिल्याच वळणावर तिला कळून चुकलं. गाडी रस्त्याला चिकटली होती. जिथे निळीत ती पाय उचलायची तिथे उचलावा लागला नाही. बावीस वर्षं आपण चुकीच्या बाजूने भांडलो, हे तिला शंकूंच्या नागमोडी रांगेतच उमगलं. शेवटचं वळणही तिने जीव तोडून घेतलं. आता लबाडी करायची नव्हती.

"एक्कावन्न पूर्णांक दोन," लाउडस्पीकर म्हणाला. "डेल्मरच्या लाल गाडीची आजवरची सगळ्यात भारी फेरी. फक्त डेल्मर आत नव्हता." चार लोक हसले.

ती गाडी आणून उभी करेपर्यंत डेल्मर खुर्चीतून उठला होता. टायर बरोबर, मी मंद, असं तो म्हणेल म्हणून ती तयारीत होती.

"आवाज वेगळा होता," तो म्हणाला. "दुसऱ्या वळणावर हे टायर बोंबलतात. माझ्या हाताखाली कायम बोंबलले. आज गप्प होते. हवा किती होती?"

"अडतीस."

"माझ्या मीटरने, लव्होन."

"पंचेचाळीस."

आयुष्यभर वजाबाक्या केलेल्या माणसाला वेळ लागला नाही. "सात," तो म्हणाला. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गारांच्या वर्षापासून. तू मीटर काउंटरवर विसरला होतास. मी सोमवारी सांगणार होते."

"कुठल्या सोमवारी?"

"मला जिंकायला आवडायचं, डेल्मर," ती म्हणाली. "आठवडाभर लोक विचारायचे, आत कोणी माणूस आहे का. रविवारी कोणी विचारायचं नाही. मी वाईट वागले तुझ्याशी."

डेल्मरने तिच्याकडून मीटर घेऊन त्याच्या पाठीवरचं कोरलेलं नाव बोटाने चाचपलं. "वजनकाट्याला दर वर्षी सरकारी माणूस सील लावायचा," तो म्हणाला. "याला मी कधी एक प्रश्न विचारला नाही." मग त्याने वाऱ्याकडे तोंड केलं. "म्हणजे टायर बरोबर होते."

"हो."

"आणि मीही वेगात होतो."

"होतास. माझ्याइतका. कदाचित जास्तच."

"दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही माझ्याकडे होतं."

"कपाटातले कप तुला आणून देते. उद्याच."

"तुझे सोमवार माहीत आहेत मला," तो म्हणाला. त्यात थट्टा होती की डंख, हे तिला कळलं नाही. "राहू देत. धूळ दिसत नाही मला, पुसणार कोण?"

तो गुडघ्यावर बसला आणि पुढच्या टायरवर हात ठेवला. रबर अजून गरम होतं. नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे टायरच्या खांद्यावर एक इवलासा उठावाचा त्रिकोण असतो. हवा कमी असली की टायर दुमडून तो पहिल्याच दिवशी घासला जातो. डेल्मरचा अंगठा फिरत फिरत तिथे येऊन थांबला.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "माझा कधी संध्याकाळपर्यंत टिकला नाही. मला वाटायचं, जीव तोडून चालवलं की जातोच."

लाउडस्पीकरने सगळ्यांना शंकू गोळा करायला बोलावलं. लव्होन हललीच नाही.

"जा तू," तो मान न वळवता म्हणाला. "मला इथे काम आहे."

ती मैदानावर गेली. एकेक शंकू उचलून दुसऱ्यात घालत राहिली. हातभर उंच चळत झाली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. डेल्मर गाडीला धरून, खाली वाकत, तिसऱ्या चाकापाशी पोचला होता.