एकशे नऊ हव

मायाबाई खोब्रागडे शाळेच्या समितीवर आल्या त्याला वर्ष झालं, तरी खुर्चीत टेकून बसायची सवय काही त्यांना लागली नव्हती. तीस वर्षं एका संस्थेच्या कामासाठी रायपूरच्या वस्त्या पालथ्या घालण्यात गेली. ओट्यावर, बाजेवर, नाहीच काही तर पालथ्या बादलीवर बसून बायकांशी बोलायचं, हेच त्यांचं ऑफिस. त्यामुळे समितीतही त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसत. पण हे काम त्यांना मनापासून आवडायचं, उगीच खोटं कशाला बोला.

शाळा लहानशी, पहिली ते पाचवी, पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींनी कधीकाळी काढलेली. अध्यक्ष निरंजनराव सचिवालयातून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, फक्त कागदावर उतरलेलंच खरं मानणारा. आता नवा रायपूरला शाळेसाठी जागा मिळाली होती. मोठी इमारत, मैदान, मोफत बस. इथली शाळा बंद करून मुलं तिकडे न्यायची, असा ठराव होता. सरांनी पालकांना शाळेच्या फाटकात विचारायचा प्रश्न मायाबाईंनीच लिहून दिला होता: शाळा तिकडे नेली, बस दिली, तर चालेल ना? एकशे बारा घरांपैकी एकशे नऊ घरं म्हणाली, 'हव'. उरलेली तीन गावाला गेली होती.

हव म्हणजे हो. हे नागपूरकडच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

शनिवारी दुपारी ठराव मंजूर व्हायचा होता. मायाबाई शाळेकडे निघाल्या, तर वाटेत नळावर शारदा भेटली. समता कॉलोनीत मराठी घरी धुणीभांडी करून करून शारदाची बोलीही अर्धी मराठी झालेली. तिची पिंकी दुसरीत होती.

"काहो शारदा, पिंकी आता बसनं जाईन ना?"

"हव दीदी," शारदा म्हणाली, आणि खाली मान घालून हंडा घासतच राहिली.

मायाबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि थबकल्या. हा हव त्यांच्या ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी अभनपूरकडच्या एका गावात पन्नास बायकांनी बैठकीला यायला असाच हव भरला होता. मायाबाईंनी पन्नास जणींचा चहा उकळला आणि आली एक म्हातारी, तीही शेळी शोधत. त्या म्हातारीनंच मग त्यांना शहाणं केलं. हव तीन असतात, पोरी. एक, ऐकलं. दुसरा, आता जा. आणि तिसरा खरा. खरा हव म्हणणारा माणूस बसून राहत नाही, उठतो अन् कामाला लागतो.

"बस पावणेसातले येते," मायाबाई मागे वळून म्हणाल्या. "सडकेवर तिले सोडून कोण देईन?"

शारदाचा हात थांबला. "कोनो नइ, दीदी. मी सहाले कामावर, पिंकीचे बाबा त्याच्या आधी. आता पोट्टी पोट्ट्यांसंगं पायी जाते. तिकडं असंल तं घरीच राहीन."

"मग हव काहून म्हणलं?"

"सर विचारून राहिले होते ना! सरले नाही कसं म्हणाव?"

मायाबाईंना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. जन्मभर लोकांना शिकवलं, की ज्याला हव म्हणून सुटता येतं असा प्रश्न विचारूच नये. आणि खुर्ची मिळाल्याबरोबर स्वतःच तो विचारून मोकळ्या. पिंकीची शाळा त्यांच्याच हस्ताक्षरातल्या प्रश्नानं सुटणार होती. त्यांनी शारदाचा हंडा उचलून कडेला ठेवला आणि तिला घेऊन थेट बैठकीत शिरल्या.

मायाबाईंनी सगळं सांगितलं, म्हातारीच्या तीन हवांसकट. निरंजनराव कागद थोपटत म्हणाले, "मायाबाई, एकशे नऊ लोक का खोटं बोलून राहिले?"

"खोटं नाही, साहेब. मान ठेवला तुमचा. विचारून पाहा."

निरंजनरावांनी चष्मा सारखा केला. "शारदाबाई, नवी शाळा चांगली आहे ना?"

"हव भैया."

"अन् मायाबाई म्हणतात ते चुकीचं आहे?"

"हव."

"अन् उद्या शाळा चंद्रावर नेली तं?"

"हव भैया," शारदा अदबीनं म्हणाली, आणि मुख्याध्यापिकाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला.

निरंजनराव मात्र हसले नाहीत. कागद त्यांनी हळूच पालथा घातला. "बसवर पोट्टीले कोण सोडंल?" त्यांनी स्वतःहून विचारलं. या वेळी शारदानं मान वर करून सगळं सांगितलं, आपलं आणि आजूबाजूच्या सात घरांचंही. मग निरंजनरावांनी ठराव मागे घेतला. मैदान नवा रायपूरला होईल तेव्हा होवो, मुलं सहलीला जातील. पाचवीपर्यंतची शाळा पाऱ्यातच राहणार. तरी कागदाचा माणूस तो. घरोघर नव्यानं विचारून या, म्हणाले, मले लेखी पाहिजे.

"म्हणजे शारदाबाई, शाळा इथंच. चालते ना?"

"हव," शारदा म्हणाली.

निरंजनरावांनी घाबरूनच मायाबाईंकडे पाहिलं. "हा कोनता म्हणायचा?"

तोवर शारदा उठली होती. तिनं पदर खोचला, खुर्चीवरची मायाबाईंची पिशवी खांद्याला अडकवली, आणि दारात उभी राहून वळली.

"चाल ना दीदी, उजेड आहे तवर वीस घरं होतेत."

निरंजनरावांनी कागद पुन्हा उलटा केला, एकशे नऊवर काट मारली, आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं: हव, एक.