कपाच्या आधी

“अहो, आधी पातेलं! दूध काय हवेत ओतणार आहात?”

सुहासिनीने नवऱ्याच्या हातातलं कार्ड जवळजवळ हिसकावलंच. अर्धांगाच्या झटक्यानंतर थेरपिस्ट गार्गीने ही चित्रं आणून दिली होती. पातेलं, पाणी, साखर-चहापूड, दूध आणि कप. क्रमाने लावायची. ती जमली, तर काकांना दिवसभर घरी एकटं सोडायला हरकत नाही, असं गार्गी म्हणाली होती. तिकडे बोरिवलीत लेक रेवती बाळंत झाली होती. नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं, आणि आजी इथे नाहूरला चित्रं लावत बसली होती.

मनोहररावांनी पुन्हा कप पहिला ठेवला.

“कप... आधी.” जीभ जड झाली होती, हट्ट मात्र शाबूत होता.

सुहासिनीचं डोकं फिरलं. बँकेत मॅनेजर होता हा माणूस! आणि मग तिच्या लक्षात आलं, याने चहा होताना कधी बघितलेलाच नाही. इतकी वर्षं पेपर उघडला की कप समोर. याचा चहा कपापासूनच सुरू होत होता. तिला रडू आलं, आणि त्याचा तर आणखीच राग आला.

“उठा. चला आत.”

तिने त्यांना ओट्याजवळ स्टुलावर बसवलं. “नुसतं बघायचं.” रोज ते बघत राहिले. ती पुटपुटत, भांडी आपटत चहा करत राहिली.

गुरुवारी गार्गी आली. मनोहररावांनी डाव्या हाताने पातेलं ठेवलं. मग पाणी. साखर-चहापूड. नंतर एका कार्डाएवढी जागा मोकळी सोडली आणि पुढे दूध, कप.

“काका, मध्ये गॅप नाही ठेवायची. सलग लावा ना.” तिने कार्डं सरकवली. त्यांनी ती परत मागे ओढली.

“अहो, ऐका ना तिचं! वाट लावाल सगळ्याची,” सुहासिनी करवादली. बोरिवली पुन्हा लांब गेली.

मनोहररावांनी मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. “इथे... तू...” पुढचा शब्द सापडेना. चिडून त्यांनी टेबलावर हात आपटला. मग तोच हात मागे नेऊन स्वतःची कंबर दाबली, डोळे मिटले आणि हळूच श्वास सोडला. उकळी येईपर्यंत ती रोज ओट्यापाशी उभी राहायची, अगदी तशी.

गार्गीला काहीच कळलं नाही. “पुढच्या आठवड्यात परत बघू हं, काकू,” म्हणत ती कार्डं गोळा करायला लागली.

“राहू दे गं तशीच,” सुहासिनी म्हणाली. तिचा हात कमरेवर होता.