कामाचे किलोमीटर, घरचे किलोमीटर

मित्रांनो, हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी झाकलेली एक राखाडी स्कूटर आहे. ती मी. माझ्या सीटला दोन जागी चिकटपट्टी लावली आहे. आरसा एकच आहे. आता फार वेळ बोलवत नाही, म्हणून महत्त्वाचं तेवढंच सांगते.

कारखान्यात मी कशी जोडली गेले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते हिमायतनगरचं दुकान. सोळा वर्षांपूर्वी तातेराव खिल्लारे मला तिथून घेऊन आले. ते मूळचे देगलूरकडचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते. दुकानदाराने लिंबू-मिरची पुढे केली, तेव्हा तातेरावांनी हात जोडले आणि नको म्हणून मान हलवली. केसरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपल्या केसांतला मोगऱ्याचा गजरा काढून माझ्या हँडलला बांधला. पंधरा वर्षांची रेणुका मागे बसली. एवढंच माझं बारसं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, कुठे दार लागायचं नाही. फोन आला की तातेराव निघायचे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं आणि काम कंपनीचं, म्हणून कंपनी त्यांना दरमहा गाडी-भत्ता द्यायची. त्या भत्त्यावर कर लागत नसे, पण एका अटीवर. तो खरोखर कंपनीच्या कामावर फिरण्यात खर्च झाला पाहिजे आणि तसं दाखवता आलं पाहिजे. म्हणून माझ्या सीटखालच्या डिकीत एक लांब वही असे. तारीख, कुठून, कुठे, कशासाठी, किती किलोमीटर. शेवटी दोन रकाने होते, एक 'काम' आणि दुसरा 'घर'.

पहिल्या वर्षी त्यांच्याकडून एक चूक झाली. घरापासून ऑफिसपर्यंतचं अंतर ते 'काम' या रकान्यात लिहीत राहिले. घर ते ऑफिस हे काम धरत नाहीत, ऑफिसातून पुढे जाता ते काम, हे त्यांना आठ महिन्यांनी कळलं. त्यांनी ऑफिसच्या फाटकापाशी मला उभं केलं, सीटवर वही ठेवली आणि लाल पेनाने आठ महिने खोडले. तिथले हिशेबनीस एकनाथराव हसले.

"अहो खिल्लारे, कोण बघतंय?"

"मीटर बघतंय की," तातेराव म्हणाले.

त्या दिवशी मला माझ्या मीटरचा फार अभिमान वाटला. पुढे तोच माझ्या अंगाशी आला.

रेणुका मोठी झाली, विद्यापीठात जाऊ लागली. तातेराव तिला सकाळी फाटकाशी सोडत. ती उतरली की ते वाकून मीटर बघत, वही काढत आणि 'घर' या रकान्यात लिहीत, 'रेणुका, विद्यापीठ फाटक, २'.

"पप्पा, दोन किलोमीटर! सगळे बघतायत हो."

"बघू दे की. तुझे दोन किलोमीटर सरकारच्या गळ्यात कशाला घालू?"

"मग मी उद्यापासून बसने जाते."

"जा. माझं पान वाचेल."

ती बसने गेली नाही. पाच वर्षं ते दोन किलोमीटर त्या रकान्यात पडत राहिले. वह्या भरत गेल्या. दर एप्रिलला नवी वही यायची आणि जुनी लोखंडी पेटीत जायची.

मित्रांनो, गाडी म्हातारी झाली की आधी तिचे बारीक भाग जातात. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या मीटरची केबल तुटली. गल्लीच्या टोकाला जहांगीरभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं.

"तातेरावभाई, इसका केबल अब कंपनी बनाती नै. बेच डालो इसकू."

"तुमी बी म्हातारे झाले, तुमाला इकलं का आमी?"

"हौ, मेरेकू लेता कौन!"

दोघे हसले. मीटर मात्र तसंच राहिलं. आकडा जिथे थांबला तिथे थांबला आणि मी मात्र रोज धावत राहिले. मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

जानेवारीत हिमायतनगरच्या एका इमारतीतून फोन आला. लिफ्ट बंद होती, म्हणूनच त्यांना बोलावलं होतं. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं. तातेराव सात मजले पायी चढून गेले. खाली त्यांना चौघांनी आणलं. मी तिथेच उभी होते. दोन दिवस मला कुणी हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी रेणुका आली. किल्ली फिरवायच्या आधी तिने हँडलवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

महिनाभराने कंपनीच्या हिशेब विभागातून समीर देशपांडे घरी आला. हा जुन्या हैदराबादी घरातला तरुण. तातेरावांचा शेवटचा हिशेब करायचा होता. एप्रिल ते जानेवारीच्या भत्त्याचा पुरावा त्याला हवा होता. रेणुकाने जिन्याखाली येऊन माझी डिकी उघडली. पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा रबर लावून नीट ठेवलेला होता. तिने एक उलटली, दुसरी उलटली. सगळ्या कोऱ्या होत्या. मशीनच्या पावतीची शाई उष्णतेने उडते. तातेरावांनी त्या जपून ठेवल्या होत्या, पण ठेवल्या होत्या माझ्या तापलेल्या इंजिनाच्या वर. माझ्याच उबेने त्या पुसल्या गेल्या.

समीरने वही घेतली. बोट फिरवत आकडे पाहिले, मग वाकून माझं मीटर पाहिलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. ऑगस्टमध्ये मीटर एवढंच, आजही एवढंच. आणि फेऱ्या रोजच्या. मीटर बंद होतं म्हणाल, तर मग ही अंतरं आली कुठून? मनानेच घातली ना?"

"माझे वडील मनाने काही घालत नव्हते."

"हौ ताई, मला माहीत आहे. पण ऑडिटवाले अंकलना ओळखत नाहीत. कशाला परेशान होता? भत्ता पगारात धरतो, त्यावर कर कापतो, फाइल बंद. रिमार्कमध्ये फक्त 'दावा सिद्ध झाला नाही' एवढं येईल."

"तेवढंच नको आहे मला."

केसरबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "जाऊ दे माय," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं. आता किलोमीटर कुठं मोजत बसती?"

"आई, कर कापू दे. पण त्यांच्या नावापुढे ते वाक्य नको."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझा हॉर्नसुद्धा कधीचा बंद आहे.

समीरने चार दिवसांची मुदत दिली. तो गेल्यावर रेणुका पायरीवर बसली आणि वही पहिल्या पानापासून वाचू लागली. तातेरावांचं अक्षर बारीक आणि तिरपं. ऑगस्टच्या पानावर, समासात, आडव्या ओळी होत्या. तिने त्या हळू आवाजात वाचल्या, म्हणून मलाही ऐकू आल्या.

"मीटर बंद. केबल मिळत नाही. आजपासून जुन्या वह्यांत मोजलेलं अंतर लिहितो, पुढे वही आणि पान देतो. जिथे पूर्वी गेलो नाही तिथे शून्य."

खरोखरच प्रत्येक फेरीपुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'वही नववी, पान चाळीस'. 'वही तिसरी, पान बारा'. रेणुकाने पेटी उघडायला वर धाव घेतली. येताना तिच्या दोन्ही हातांत वह्या होत्या. ती एकेक पान जुळवत राहिली. केसरबाई आधी नुसत्या बघत होत्या. मग त्या शेजारी बसल्या आणि वह्या क्रमाने लावून देऊ लागल्या.

चौथ्या दिवशी समीर आला तेव्हा रेणुकाने समासावर बोट ठेवलं. "हे वाचलं नाहीत?"

तो खजील झाला. "ताई, मराठी मी बोलतो, पण वाचता येत नाही. घरात आजी वाचायची, मग कुणी नाही. मी आकडेच पाहिले."

तिने त्याला वाचून दाखवलं. सगळं, पहिल्या ओळीपासून. तो वह्या घेऊन गेला आणि कंपनीच्या तक्रारींच्या नोंदीशी त्याने तारखांवरून फेऱ्या ताडून पाहिल्या. आठवड्याने वह्या परत द्यायला आला, तेव्हा जिन्याखाली माझ्यापाशीच थांबला.

"सगळ्या जुळल्या, ताई. ते वाक्य काढलं. उलट अकरा फेऱ्यांपुढे अंकलनी शून्य लिहिलंय. तिथे ते गेले होते, आमच्या नोंदीत आहे. नकाशावरून अंतर काढून त्या धरू का? हक्काच्या आहेत."

रेणुकाने आईकडे पाहिलं. केसरबाईंनी तातेरावांसारखीच मान हलवली.

"नको," रेणुका म्हणाली. "त्यांनी शून्य लिहिलंय ना, शून्यच राहू दे."

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची एक मर्यादा असते. मी सोळा वर्षं मोजलं, पण मोजण्याखेरीज मला काही येत नव्हतं. माणूस कुणासाठी गेला, कुठे थांबला, हे माझ्या मीटरला कधीच कळलं नाही. ते माणसाच्या हातानेच लिहावं लागतं. म्हणून तुमच्या घरी अशा जुन्या वह्या असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा वाचा. आकडेच नव्हे, समाससुद्धा वाचा. आणि आम्हा जुन्या गाड्यांना उन्हापावसापासून थोडं आडोशाला ठेवा. आम्ही थकलेल्या असतो. तक्रार करत नाही इतकंच.

मागच्या रविवारी जहांगीरभाईंनी कुठल्याशा भंगारातल्या गाडीची केबल आणून मला बसवली. पैसे घेतले नाहीत. रेणुकाने पोती बाजूला केली, चाकात हवा भरली. विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आम्ही सावकाश गेलो. सुट्टी असल्याने तिथे कुणी नव्हतं. ती उतरली, वाकून तिने मीटर पाहिलं आणि डिकीतून वही काढली. जानेवारीतल्या शेवटच्या नोंदीखाली, 'घर' या रकान्यात, तिने लिहिलं.

'पप्पा, विद्यापीठ फाटक, २'.